बंद शाळेचा इतिहास



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहास सांगतात तो शाळा उघडल्याचा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु शाळा बंद पडल्या तेव्हा मुलांचे काय झाले, त्यांना घरी कोणी शिकवले आणि कोणाला शिकवता आले नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. ते सांगावे म्हणून मी उभा आहे. मी इतिहासाचा पंडित नव्हे. सातवीत माझी शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि अशाच व्याख्यानमालांच्या मागल्या बाकांवर. तेव्हा उणे काही आढळल्यास सांभाळून घ्यावे.

आरंभ शिकागोपासून करतो. आम्हा कामगारांना हे शहर परके नाही. १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी तेथे जो लढा झाला, त्याचे स्मरण म्हणून १ मे हा कामगार दिन पाळला जातो. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले स्वतःचे, अशी ती मागणी होती. या तिसऱ्या आठ तासांकडे आपण लक्ष असू द्यावे. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

याच शिकागोत १९३७ च्या सप्टेंबरात पोलिओची साथ पसरली. शाळा उघडण्याचे दिवस, आणि नेमक्या त्याच वेळी त्या सुमारे तीन आठवडे बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा तेथील शिक्षणखात्याने एक नवीन प्रयोग केला. तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांसाठी रेडिओवर शाळा भरवली. सहा केंद्रांनी आपला वेळ फुकट दिला. पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ. एक दिवस समाजशास्त्र व विज्ञान, तर दुसऱ्या दिवशी भाषा व गणित. कोणता पाठ केव्हा, त्यावरचे प्रश्न कोणते, हे वर्तमानपत्रांत छापून येई. मुलांनी उत्तरे लिहून ठेवायची आणि शाळा उघडली की गुरुजींना दाखवायची. पालकांच्या शंकांसाठी टेलिफोनवर शिक्षक बसवले होते. आणि मला विशेष वाटते ते हे की, त्या सहा केंद्रांपैकी एक केंद्र शिकागोच्या कामगार महासंघाचे, म्हणजे कामगारांच्या स्वतःच्या मालकीचे होते.

प्रयोग उत्तम होता, यात शंका नाही. पण त्याच वेळी त्याच्या उणिवाही लोकांच्या ध्यानात आल्या. सर्व घरांत रेडिओ नव्हता. होता तेथेही आवाज नीट येईलच असे नव्हते. कोणाला पाठ फार वेगाने पुढे जातो असे वाटे. रेडिओ सर्वांशी एकच बोलतो. एखादे मूल मागे राहिले तर तो थांबत नाही. वर्गातला गुरुजी मुलाचा चेहरा पाहून थांबतो. म्हणजे जे मूल मुळात हुशार आणि ज्याच्या घरी शेजारी बसणारे कोणी, त्याचे निभावले. ज्याला मदतीची खरी गरज, त्यालाच ती कमी पोचली. तीन आठवडेच होते म्हणून हे भागून गेले.

तीन आठवड्यांऐवजी पाच वर्षे शाळा बंद राहिल्या तर? तेही अमेरिकेतच घडले, आणि रोगाने नव्हे, माणसांनी घडवले. व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाचा एक परगणा आहे. तेथे काळ्या मुलांची शाळा इतकी अपुरी होती की डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत वर्ग भरत. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीच्या पुढाकाराने तेथील चारशेहून अधिक विद्यार्थ्यांनी संप पुकारला. हो, संपच! त्यांचा खटला पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ साली गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा जो प्रसिद्ध निकाल लागला, त्यातील पाच खटल्यांपैकी तो एक होता.

यावर परगण्याच्या कारभाऱ्यांनी काय करावे? एकत्र शाळा चालवण्यापेक्षा त्यांनी १९५९ साली सार्वजनिक शाळांना पैसाच मंजूर केला नाही. सगळ्या शाळांना कुलूप! गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. सुमारे सतराशे काळी मुले मात्र रस्त्यावर राहिली. काही आईबापांनी मुलांना दूरच्या नातेवाइकांकडे धाडले. क्वेकर पंथीयांच्या सेवासंस्थेने काहींना परराज्यांतल्या कुटुंबांत ठेवले. जी मागे राहिली त्यांच्यासाठी लोकांनी चर्चच्या तळघरांत, कोणाच्या घरात, मिळेल त्या खोलीत वर्ग चालवले. शिकवणाऱ्यांत माता होत्या, निवृत्त शिक्षिका होत्या, सुटीत आलेले विद्यार्थी होते. ही काही शाळा नव्हे, असे पुढारी स्वतःच सांगत, कारण खऱ्या शाळेवरचा हक्क त्यांना सोडायचा नव्हता. मुलांची वाचनाची सवय आणि मनाची उभारी टिकावी एवढाच हेतू. १९६३ साली देणग्यांवर मोफत शाळा निघाल्या, १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने सार्वजनिक शाळा उघडल्या. तोवर कित्येक मुलांचे शिकण्याचे वय निघून गेले होते आणि ती शेतांत व गिरण्यांत कामाला लागली होती. तब्बल चाळीस वर्षांनी त्या राज्याने या वंचितांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. तिचे लाभार्थी तेव्हा पन्नाशीच्या पुढचे होते, म्हणजे माझ्या आजच्या वयाचे.

आता आपल्या घरी येतो. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे आपल्या शाळा बंद झाल्या. शासनाने मोबाईलवर पाठ धाडले. सह्याद्री वाहिनीवर त्याच जुलैत 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. तीत घरातल्याच वस्तू घेऊन मुलांनी काय करावे ते दाखवीत. अनेक शिक्षक वस्त्यांवर गेले, झाडाखाली आणि ओसरीवर वर्ग भरवले. त्यांचे उपकार विसरता येत नाहीत. तथापि शहरांत आठवीच्या पुढचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले, लहानग्यांचे आणखी मागाहून. आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा कुलूप लागून त्याच महिन्याच्या २४ तारखेला निघू लागले. पहिलीत नाव घातलेले मूल शाळेचा उंबरठा न ओलांडता तिसरीकडे निघाले. 'असर' या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या शंभर मुलांत दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ साली सत्तावीस होती. २०२२ साली ती वीस-एकवीसवर आली. म्हणजे पूर्वीच थोडी होती, त्यांतलीही घटली.

त्या काळात माझ्या हातून जे झाले तेही सांगितले पाहिजे. २०२० च्या उन्हाळ्यात अनेक राज्यांनी कारखान्यांना बारा तासांच्या पाळीची मुभा दिली होती. गुजरातच्या आदेशात तर जादा तासांचा दुप्पट दरही नव्हता. तो आदेश १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आमच्याकडील एका कारखान्यात बारा तासांची पाळी लागली तेव्हा मी दुप्पट दर मिळवून दिला आणि करारावर सही केली. मोठा विजय मिळवला अशा समजुतीने मी घरी गेलो. पंधरा दिवसांनी साफसफाई करणारी एक बाई कचेरीत आली. म्हणाली, "भाऊ, पैसे वाढले, खरं आहे. पण मोबाईल माझ्याबरोबर कामावर येतो आणि पोरगी घरी राहते. मी परत येते तेव्हा ती झोपलेली असते. तिचा अभ्यास मी कधी बघू?"

मला उत्तर सुचले नाही. करारात मी मजुरीचा हिशेब मांडला होता. आईबाप हेच ज्यांचे गुरुजी झाले होते त्या मुलांचा हिशेब त्यात नव्हता. शाळा बंद करून मुलांना घरी पाठवणारे आणि त्याच महिन्यांत घरातल्या माणसांना चार तास अधिक बाहेर ठेवणारे आपणच. मी त्या आपणांत आहे.

त्या दिवशी मला माझे लहानपण आठवले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत माझे वडील होते. काही महिन्यांत आम्ही सातारा जिल्ह्यातल्या गावी परतलो. म्हणजे माझ्यापुरती शाळा उघडी होती, घर बंद झाले होते. मी गुरे राखू लागलो. आई निरक्षर. परंतु संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की वाण्याच्या पुडीचा कागद सोडवून माझ्यापुढे ठेवी आणि म्हणे, "मोठ्यानं वाच. हात पिठात हाईत माझं, कान मोकळं हाईत." बाजारभाव, खटल्यांच्या बातम्या, अर्धी फाटलेली गोष्ट, जे असेल ते मी वाची. अडखळलो तर ती विचारी, "मंग पुढं काय झालं?" पुढचा कागद नसे, तेव्हा पुढचे मीच जुळवून सांगे. वाचन टिकले ते तेवढ्या अर्ध्या तासावर. तिला अक्षर येत नव्हते. पण तो अर्धा तास तिच्याजवळ होता.

शिकागोचा रेडिओ, व्हर्जिनियातली तळघरे आणि आईची चूल यांवरून मला एकच गोष्ट दिसते. शाळा बंद असताना मुलाला शिकवणारे खरे साधन म्हणजे त्याच्याजवळ बसून ऐकणारे माणूस. ते विद्वान असण्याची जरुरी नाही. त्याने मुलाला मोठ्याने वाचायला लावावे, आज काय पाहिलेस ते सांगायला लावावे, किराणाचा हिशेब करायला द्यावा, आणि चुकले तर ओरडू नये. रोज थोडे, पण ठरल्या वेळी. रेडिओ, दूरदर्शन आणि मोबाईल हे त्या माणसाला मदत करू शकतात; त्याची जागा घेऊ शकत नाहीत. आणि माणसाला जवळ बसायचे तर वेळ हवा. हा वेळ म्हणजेच ते तिसरे आठ तास. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारची सुटी मिळवून दिली, तेव्हा त्यांनी कामगारांच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस आईबाप मिळवून दिले, असे मी आता मानतो.

साथ पुन्हा येईल. कोल्हापूर-सांगलीकरांनी २०१९ आणि २०२१ साली महापूर पाहिला. तसे पूरही येतील. तेव्हा दोन गोष्टी आपण आधीच ठरवून ठेवाव्या अशी माझी विनंती आहे. प्रत्येक चाळीत, वाड्यात, वस्तीत अशी एक खोली किंवा ओसरी हेरून ठेवावी, जेथे पाच-सहा मुले संध्याकाळी दोन तास बसतील आणि एखादी आजी, एखादा पेन्शनर, एखादी कॉलेजात जाणारी ताई त्यांचे वाचन ऐकेल. आणि शाळा बंद असतील तितके दिवस कोणाही आईबापाची पाळी आठ तासांहून वाढू नये, हे मालकांनी, सरकारने आणि आम्ही युनियनवाल्यांनीही कबूल करावे. मी सही केलेल्या त्या कराराची मुदत संपली तेव्हा नव्या करारात हे कलम घातले आहे. ते आधी सुचायला हवे होते.

त्या बाईंची मुलगी पुढे आमच्या कचेरीतल्या खोलीत इतर चार मुलांबरोबर बसू लागली. यंदा ती दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे. तिची गेलेली दोन वर्षे मात्र तिला कोणी परत देऊ शकणार नाही.