चकमकीची बंदूक पाहताना

यवतमाळ जिल्ह्यात रोही आणि रानडुकरांपासून पीक राखण्याचा विषय निघाला की जुन्या ठासणीच्या बंदुकीची, म्हणजे भरमारची, आठवण निघतेच. तिच्या आधीची पिढी म्हणजे चकमकीची शिकारी बंदूक. लढायांच्या इतिहासात चकमकीच्या बंदुकीला जागा मिळाली, पण कारागिरीच्या इतिहासात आपण तिला क्वचितच बसवतो. वाचकांनी तिच्याकडे त्याही नजरेने पाहावे, एवढ्यासाठी हे चार शब्द.

ही रचना सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये आकाराला आली. हिंदुस्थानात मात्र तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी, बंदूक एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली, कारण ती साधी होती आणि गावच्या लोहाराला दुरुस्त करता येई. चकमकीच्या बंदुकीला नेमके पाणी दिलेल्या पोलादी स्प्रिंगा लागत. तेही इथल्या हातांना साधले. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या युरोपीय कारागिराच्या देखरेखीखाली बनलेल्या बंदुका युरोपीय बंदुकांच्या तोडीच्या मानल्या गेल्या.

चाप ओढला की गार पकडलेला घोडा पोलादी पात्यावर आदळतो, ठिणग्या कानातल्या, म्हणजे नळीलगतच्या छोट्या वाटीतल्या, रंजकावर (पेटवणीच्या बारीक दारूवर) पडतात आणि बारीक छिद्रातून आग नळीतल्या दारूपर्यंत पोहोचते. या क्रमात क्षणभर उशीर होतो. सैनिकाला तो चाले. उडत्या पाखरावर नेम धरणाऱ्या शिकाऱ्याला नाही. म्हणून खरी कारागिरी शिकारी बंदुकीत दिसते. लंडनच्या हेन्री नॉकने 1787 मध्ये दारू झटपट पेटवणाऱ्या नळीच्या बुडाचे पेटंट घेतले. जोसेफ मँटनसारख्या बंदूक-कारागिरांनी बंदूक हलकी आणि तोलदार केली. 1807 मध्ये फॉर्साइथने ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले आणि गारेचे दिवस भरत आले.

नवख्या वाचकाने आधी चांदीच्या नक्षीकडे पाहू नये. घोडा, पाते आणि कान एकमेकांशी कसे जुळतात ते पाहा, मग लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळीवरची वळणे पाहा, नक्षी शेवटी. सुरुवातीला नागपूरच्या अजब बंगल्यातले, म्हणजे 1863 साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयातले, शस्त्रदालन सोयीचे आहे.

आणि घरच्या माळ्यावर अशी बंदूक सापडली, तर ती भरलेली असू शकते हे ध्यानात ठेवून हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा. पॉलिश पेपरने तर कधीच घासू नका. गंजाबरोबर कारागिराची खूणही निघून जाते.