न उजाडणारी तारीख

२९ फेब्रुवारी २०१३ ही तारीख कुठल्याच कॅलेंडरात सापडणार नाही. त्या सालच्या फेब्रुवारीला अठ्ठावीसच दिवस होते. तरीही या तारखेने, ती यायच्या बरोबर एक वर्ष आधी, मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडला जगभर वेठीला धरलं. तेव्हा त्याचं नाव विंडोज अझूर होतं. मायक्रोसॉफ्टचे उपाध्यक्ष बिल लेंग यांनी ९ मार्च २०१२ रोजी त्या रात्रीचा मिनिटामिनिटाचा हिशेब जाहीर केला. माझं सगळं काम व्हर्च्युअल मशीन्सचं. टीममध्ये नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात मी त्यांना तो अहवाल वाचायला देतो.

वाचून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात राहतं ते लीप वर्ष. मला त्यातली पहाटेची २:४७ ही वेळ जास्त महत्त्वाची वाटते, म्हणून खालची उलटी मोजणी त्या वेळेपर्यंतची आहे. वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आहेत. त्यात साडेतेरा तास मिळवले की आपली वेळ येते.

मंगळवार, २८ फेब्रुवारी २०१२, दुपारी ४:०० (बाकी १० तास ४७ मिनिटं)

ग्रिनिचच्या घड्याळात मध्यरात्र झाली आणि २९ तारीख लागली. आपल्याकडे बुधवारची पहाट, साडेपाच वाजलेले.

पुढचं समजण्यासाठी आधी घराची रचना सांगतो. डेटा सेंटरमधला एक खराखुरा सर्व्हर म्हणजे एक चाळ. तिच्यात व्हर्च्युअल मशीन्सची, आमच्या बोलीत व्हीएमची, बिऱ्हाडं राहतात. या धंद्यात ग्राहकाला खरोखरच टेनंट, म्हणजे भाडेकरू म्हणतात. मालकाचा एक माणूस चाळीच्या दाराशी बसतो, तो होस्ट एजंट. दुसरा प्रत्येक बिऱ्हाडाच्या आत असतो, तो गेस्ट एजंट. अशा हजारेक सर्व्हरांचा एक क्लस्टर, आणि अख्ख्या क्लस्टरचा कारभार फॅब्रिक कंट्रोलर नावाच्या सॉफ्टवेअरकडे.

नवीन व्हीएम सुरू झालं की आतला गेस्ट एजंट एक सर्टिफिकेट तयार करतो. भाडेकरूच्या गुप्त वस्तू, त्याच्या वेबसाइटची एसएसएल सर्टिफिकेटं वगैरे, बंद पेटीतून आत पोचवायच्या असतात. पेटीला कुलूप कसं लावायचं ते हे सर्टिफिकेट फॅब्रिक कंट्रोलरला सांगतं, आणि ते उघडायची किल्ली गेस्ट एजंटकडेच राहते. या सर्टिफिकेटची मुदत एक वर्ष. ती काढायची रीत फार साधी होती: दिवस तोच, महिना तोच, साल एकाने पुढे.

वर्षातले ३६५ दिवस ही रीत बिनचूक चालते. त्या दिवशी तिने २९ फेब्रुवारी २०१३ ही तारीख काढली. अशा तारखेचं सर्टिफिकेट बनेना, आणि गेस्ट एजंट जागच्या जागी बंद पडला.

अधिक महिन्यात जन्मलेल्या मुलाचा वाढदिवस पुढच्या वर्षी कुठे धरायचा, हा प्रश्न आपल्याकडे घराघरांत सोडवलेला आहे. त्याच २०१२ साली भाद्रपद अधिक होता. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण पुढच्या सालचा दिवस ‘तोच, फक्त साल बदलून’ असा तिने कधी काढला नसता. कॅलेंडर सरळ रेषेत चालत नाही हे तिच्या हाडीमांशी मुरलेलं होतं. कोड लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असणारच, पण ते त्या एका ओळीत उतरलं नाही.

आधीपासून चालू असलेल्या व्हीएम्सकडे जुनी सर्टिफिकेटं होती, त्यांना धक्का लागला नाही. फटका बसला तो नव्याने उठणाऱ्या व्हीएमला. एरवी हा दोष हळूहळू वर आला असता. पण नेमक्या त्या दिवशी बऱ्याच क्लस्टरांवर फॅब्रिक कंट्रोलर आणि दोन्ही एजंटांची नवी आवृत्ती चढवण्याचं काम चालू होतं. तिथे व्हीएम्स नव्याने उठत होती, आणि उठता उठता पडत होती.

संध्याकाळी ५:१५ (बाकी ९ तास ३२ मिनिटं)

दाराशी बसलेला होस्ट एजंट आतून ‘तयार’ अशी हाक येण्याची पंचवीस मिनिटं वाट पाहतो. हाक आली नाही, तर व्हीएमची ऑपरेटिंग सिस्टिम पुसून कोरी करतो आणि पुन्हा सुरू करतो. पुन्हा पंचवीस मिनिटं, मग तिसऱ्यांदा पंचवीस. चारला सुरू झालेला खेळ सव्वापाचला तिसऱ्या अपयशापर्यंत आला. आता होस्ट एजंटने निष्कर्ष काढला: कोऱ्या व्हीएममध्ये भाडेकरूने अजून काहीच आणून ठेवलेलं नाही, म्हणजे दोष त्याचा असूच शकत नाही, सर्व्हरचं हार्डवेअर खराब आहे.

माझ्या मते त्या रात्रीचं मूळ या निष्कर्षात आहे. तारखेची चूक एका ओळीची, ती कुणाच्याही हातून होईल. पण ‘कोरं व्हीएम पडत नाही’ हे गृहीत कुणीतरी विचार करून व्यवस्थेच्या पायात घातलं होतं, आणि त्यानंतर ते कुणी तपासून पाहिलं नव्हतं.

निष्कर्ष निघाला की फॅब्रिक कंट्रोलर त्या सर्व्हरवर ‘माणसाने तपासावा’ असा शिक्का मारतो. मग तो चांगुलपणा करतो. त्या सर्व्हरवरची सगळी बिऱ्हाडं उचलून दुसऱ्या, धडधाकट सर्व्हरवर नव्याने मांडतो. यात आतापर्यंत सुखाने चाललेली व्हीएम्सही आली. नव्याने मांडायचं म्हणजे नवं सर्टिफिकेट आलं, आणि त्यावर पुन्हा तीच तारीख. दुसरा सर्व्हरही सव्वा तासाने ‘खराब’ ठरतो, आणि बिऱ्हाडं तिसरीकडे निघतात. साथीच्या रोग्याला या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवत राहावं, तसं हे चाललं होतं.

हे मी लहान प्रमाणात डोळ्यांनी पाहिलं आहे. नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला होतो. एका व्हीएमच्या व्हर्च्युअल नेटवर्क कार्डातल्या दोषाने होस्ट, म्हणजे खालचा खरा सर्व्हर, कोसळला, स्क्रीन जांभळा. क्लस्टरने इमानाने ते व्हीएम शेजारच्या होस्टवर उठवलं. सहा मिनिटांत तोही जांभळा. तिसरा जाईपर्यंत आम्ही वीजपुरवठा आणि मेमरी तपासत होतो, कारण तीन होस्ट पडतात म्हणजे हार्डवेअरच, असं आम्हीही धरून चाललो होतो. ते एक व्हीएम बंद करावं हे सुचायला वेळ लागला. तो उशीर मला अजून टोचतो.

अझूरमध्ये एक शहाणपणाची मर्यादा घातलेली होती. ठरावीक संख्येपेक्षा जास्त सर्व्हर ‘खराब’ निघाले की अख्खा क्लस्टर हात आखडता घेतो. अपडेट थांबतात, बिऱ्हाडं हलवणं थांबतं आणि माणसांना बोलावणं जातं. सव्वापाचला ते गेलं. पण तोवर पंचाहत्तर मिनिटं वाया गेली होती. बिघाड लगेच ओरडला पाहिजे होता, हे पुढे लेंग यांच्या अहवालानेही मान्य केलं.

संध्याकाळी ६:३८ (बाकी ८ तास ९ मिनिटं)

ड्युटीवरच्या डेव्हलपरांना कारण सापडलं. बोलावणं गेल्यापासून ८३ मिनिटांत! ज्यांनी असे दोष शोधले आहेत त्यांना हा वेग किती मोठा आहे ते कळेल. सगळी लक्षणं हार्डवेअरकडे बोट दाखवत असताना ही माणसं तारखेच्या बेरजेपर्यंत पोचली.

संध्याकाळी ६:५५ (बाकी ७ तास ५२ मिनिटं)

जगभरातल्या सगळ्या क्लस्टरांवर सर्व्हिस मॅनेजमेंट बंद करण्यात आलं. म्हणजे चालू आहे ते चालू राहील, पण कुणालाही नवीन काही चढवता येणार नाही, व्हीएम वाढवता येणार नाही, बदलता येणार नाही. अझूरने हे पाऊल याआधी कधीच उचललं नव्हतं. ग्राहक चिडणार हे उघड होतं. पण त्या घडीला नव्याने उठणारं प्रत्येक व्हीएम पडणारच होतं, आणि भाडेकरूंनी आपल्याच हाताने आपलं चालतं घर मोडू नये म्हणून दार लावून घेणं भाग होतं. हा निर्णय मला त्या रात्रीतला सर्वांत धीराचा वाटतो. एकाहून जास्त व्हीएम्सवर चालणारी बहुतेक अ‍ॅप्लिकेशन्स तेव्हा तग धरून होती, थोडी हळू असतील इतकंच.

म्हणजे सातच्या सुमाराला दोष सापडलेला होता, पसरणं थांबलेलं होतं, बहुतेकांचं काम चालू होतं. इथून पुढे फक्त दुरुस्ती उरली होती.

रात्री १०:०० ते पहाटे २:११ (बाकी ३६ मिनिटं)

दहापर्यंत चाचणीचा आणि रोलआउटचा आराखडा तयार झाला. ११:२० ला सुधारलेला गेस्ट एजंट हातात आला. १:५० ला चाचणी क्लस्टरवर तपासून झाला. २:११ ला ग्राहकांच्या एका खऱ्या क्लस्टरवर नीट बसला, आणि मग सगळीकडे पाठवायला सुरुवात झाली. पायरीपायरीने केलेलं, जसं करायला हवं तसं काम.

फक्त सात क्लस्टर या ओळीत बसत नव्हते.

त्या सातांवर नवी आवृत्ती चढवायला नुकती सुरुवात झाली होती आणि मध्येच दोष आडवा आला. बहुतेक सर्व्हर जुन्या एजंटांवर, काही नव्यांवर. ठरलं असं की पुढे जाण्यापेक्षा मागे यायचं: जुना फॅब्रिक कंट्रोलर, जुना होस्ट एजंट आणि त्यांच्या जोडीला दुरुस्त केलेला जुना गेस्ट एजंट. विचार म्हणून हा चुकीचा नव्हता. एका सर्व्हरवर करून पाहिलं. व्हीएम्स उठली, तब्येत ठीक दिसली.

एरवी असा बदल क्लस्टरवर चढायला कित्येक तास लागतात, कारण एकाच ग्राहकाची सगळी व्हीएम्स एकदम खाली जाऊ नयेत म्हणून तो गटागटाने करतात. त्या रात्री ती शिस्त बाजूला ठेवली गेली. सगळ्या सर्व्हरांवर एकाच दमात बदल पाठवायचा. या पद्धतीला ते ‘ब्लास्ट’ म्हणतात.

आणि पाठवायच्या पॅकेजमध्ये जुन्या होस्ट एजंटबरोबर नेटवर्कचं प्लगिन नव्या होस्ट एजंटचं आलं होतं. या दोघांचं एकमेकांशी जमत नाही. व्हीएमचं व्हर्च्युअल नेटवर्क जोडून देणं हे त्या प्लगिनचं काम. ते चाललं नाही तर व्हीएम उठतं, ऑपरेटिंग सिस्टिम चालते, कन्सोलवर हिरवं दिसतं, पण बाहेरच्या जगाशी एक अक्षर बोलता येत नाही. खोलीत दिवा लागलेला आहे, माणसं आत आहेत, फक्त जिना काढून घेतलेला आहे.

एका सर्व्हरवरच्या चाचणीत व्हीएमचं नेटवर्क तपासलं गेलं नव्हतं.

हे वाक्य अहवालात साधेपणाने येऊन जातं. मी मुलांना तिथे थांबवतो. आमच्याकडे व्हीएम हलवलं, उठवलं, परत आणलं की बोट आपोआप पिंगकडे जातं. काळ्या खिडकीत उत्तराच्या ओळी एकीखाली एक पडू लागतात, तेव्हा कुठे खुर्चीला पाठ टेकते. चार अक्षरांची आज्ञा आहे, चार सेकंद लागतात. ज्यांनी ८३ मिनिटांत तारखेची चूक पकडली त्यांना पिंग ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? दहा तासांच्या जागरणानंतर ‘उठलं’ म्हणजे ‘चाललं’ असं त्यांनी धरलं. संध्याकाळी होस्ट एजंटने ‘कोरं’ म्हणजे ‘निर्दोष’ असं धरलं होतं.

बुधवार, २९ फेब्रुवारी, पहाटे २:४७

पॅकेज सातही क्लस्टरांवर सुटलं.

त्या क्लस्टरांवरच्या प्रत्येक व्हीएमचं नेटवर्क तुटलं. लीप दिवसाचा वारासुद्धा न लागलेली व्हीएम्सही त्यात गेली. अ‍ॅक्सेस कंट्रोल आणि सर्व्हिस बस या सेवा याच क्लस्टरांवर राहत होत्या. ग्राहकांची अ‍ॅप्लिकेशन्स लॉगिनसाठी आणि आपसातल्या निरोपांसाठी या सेवांवर टेकलेली. त्यामुळे दुसऱ्या, धडधाकट क्लस्टरवर चालणारी अ‍ॅप्लिकेशन्सही अडली. आपल्याकडे तेव्हा दुपारचे सव्वाचार, ऑफिसं भरात असायची वेळ. युरोपात कामाचा दिवस चालू. ब्रिटन सरकारने त्याच महिन्यात सुरू केलेलं क्लाउडस्टोअर नावाचं ऑनलाइन दुकानही त्या दिवशी बंद पडलं. काय झालं आहे हे ज्या डॅशबोर्डवर पाहायचं, तोच अधूनमधून उघडेना.

त्यानंतर

३:४० ला सुधारलेलं पॅकेज पुन्हा तपासलं, यावेळी व्हीएमचं नेटवर्कसुद्धा. ५:२३ ला बहुतेक क्लस्टरांचं सर्व्हिस मॅनेजमेंट परत सुरू झाल्याचं जाहीर झालं. ५:४० ला सात क्लस्टरांवर दुसरा ब्लास्ट. एकदा हात भाजल्यावर पुन्हा तोच मार्ग धरायला त्यांना किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. पण सगळी व्हीएम्स आधीच तुटलेली असताना गटागटाने जाण्यात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आठपर्यंत हे क्लस्टर बहुतांशी उभे राहिले. पुढे मायक्रोसॉफ्टने संबंधित सेवांच्या सगळ्या ग्राहकांना, त्यांना झळ लागली असो वा नसो, त्या महिन्याच्या बिलात ३३ टक्के सूट दिली.

इतक्या वेळा पुढे-मागे केल्याने काही सर्व्हर मात्र धड जुने राहिले नव्हते, धड नवे झाले नव्हते. त्यांना कुठलंच पॅकेज लागू पडेना. ते एकेक करून हाताने सरळ करावे लागले.

दुपारी ४:०० वाजता ग्रिनिचला १ मार्च उजाडला. आता दुरुस्ती न केलेल्या जुन्या कोडनेसुद्धा ‘साल एकाने पुढे’ केलं असतं तर १ मार्च २०१३ ही खरीखुरी तारीख निघाली असती. जिने हे सगळं सुरू केलं ती तारीख निघून गेली होती. सात क्लस्टरांवर माणसं अजून सर्व्हर तपासत होती, उठवत होती, नेटवर्क लागतंय का बघत होती. सगळं पूर्ववत झाल्याची शेवटची नोंद डॅशबोर्डवर पडली ती आणखी सव्वादहा तासांनी, गुरुवारी पहाटे २:१५ वाजता.