उलट्या पावलांचा डीबगर

गेल्या शनिवारी एका जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून तिच्यात काय काय शिल्लक आहे ते बघत बसलो होतो. लग्नाआधीचे फोटो, कुणाकुणाचे रेझ्युमे, आणि एक छोटी टेक्स्ट फाइल, नाव 'उलटा'. आत फक्त तीन कमांड. रेकॉर्ड. वॉच आणि पुढे एका व्हेरिएबलचं नाव. रिव्हर्स-कंटिन्यू. वाचलं आणि पोटात जरा कसंतरीच झालं. का ते सांगतो, पण त्याआधी थोडा इतिहास, नाहीतर त्या तीन ओळींची गंमत (आणि माझी फजिती) कळायची नाही.

डीबगर ही जात तशी जुनी. एमआयटीतल्या टीएक्स-० या मशीनवर 'फ्लिट' नावाचा डीबगर होता, आणि त्यानंतर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पीडीपी-१ साठी आला तो 'डीडीटी'. दोन्ही नावं कीटकनाशकांची. ज्यांच्या घरी माळ्यावर फ्लिटचा पंप पडलेला असायचा त्यांना हा विनोद समजावून सांगायला नको. नंतर युनिक्सवर एडीबी, डीबीएक्स वगैरे आले. १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमननं जीएनयू प्रकल्पासाठी जीडीबी लिहिला, बर्कलीच्या डीबीएक्सच्या धर्तीवर. आज लिनक्सवर सी किंवा सी प्लस प्लस लिहिणारा माणूस कधी ना कधी त्याच्या पाया पडतोच.

आतलं तंत्र ऐकायला फार साधं आहे. इंटेलच्या प्रोसेसरवर तुम्ही ब्रेकपॉइंट लावता, तेव्हा जीडीबी त्या जागेवरच्या इन्स्ट्रक्शनचा पहिला बाइट उचलून बाजूला ठेवतो आणि तिथे सीसी हा हेक्स बाइट टाकतो. प्रोग्राम तिथे ठेचकाळला की कर्नल जीडीबीला हाक मारतं. मग तुम्ही आरामात व्हेरिएबल बघा, स्टॅक बघा. पुढे जायचं म्हटलं की मूळ बाइट परत जागेवर. बस्स.

पण या सगळ्यात एक मोठी गोची होती. काळ फक्त पुढे जातो. 'नेक्स्ट' दाबता दाबता एकदा जास्त दाबलं गेलं, की हवी ती ओळ गेली हातची. पुन्हा पहिल्यापासून. आणि बग जर दर वेळी येत नसेल तर रात्र तिथेच काढायची तयारी ठेवा. त्यातून मेमरी बिघडवणारा बग असला की गुन्हा एकीकडे आणि प्रेत दुसरीकडेच. क्रॅश होतो त्या ओळीचा बिचारीचा काही दोष नसतो. दोष असतो काही हजार इन्स्ट्रक्शन आधी, आणि तिथे तर परत जाता येत नाही.

मागे जाता यावं ही कल्पना मात्र मुळीच नवी नव्हती. रँड कॉर्पोरेशनमधल्या रॉबर्ट बाल्झरनं १९६९ मध्येच 'एक्सडॅम्स' नावाची सिस्टिम मांडली होती. प्रोग्राम चालताना त्याचा इतिहास टेपवर नोंदवायचा, आणि नंतर ती टेप पुढे किंवा मागे फिरवत बसायचं. त्यानंतर संशोधकांनी पेपर लिहिले, काही महागड्या सिम्युलेटर्सना ही विद्या आली. पण तुमच्याआमच्या जीडीबीत ती यायला बरोबर चाळीस वर्षं लागली. ६ ऑक्टोबर २००९, जीडीबी ७.०.

हे रिलीज आधीच्या ६.८ नंतर तब्बल दीड वर्षानी आलं, आणि आलं ते पोतं भरून. एक थ्रेड थांबवायचा आणि बाकीचे चालू ठेवायचे, ही 'नॉन-स्टॉप'ची सोय होती. मॅकच्या डार्विनवर आणि ६४ बिट विंडोजच्या मिनजीडब्ल्यूवर तो नेटिव्ह चालू लागला. (मॅकवरचं सुख फार टिकलं नाही. अ‍ॅपलनं २०१३ च्या एक्सकोड ५ मधून जीडीबी काढून टाकला आणि एलएलडीबी ठेवला.) पायथनही आला, आणि रोजच्या कामात माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. त्याआधी सी प्लस प्लसचा एखादा मॅप प्रिंट करायला सांगितला की जीडीबी त्या मॅपची आतडी बाहेर काढून दाखवायचा. अंडरस्कोर एम अंडरस्कोर इम्पल, अंडरस्कोर एम अंडरस्कोर हेडर, कुठला तरी लाल-काळा ट्री, आणि आपला डेटा कुठेच नाही. पायथनमध्ये प्रिटी-प्रिंटर लिहिता येऊ लागल्यावर तोच मॅप 'तीन एलिमेंट, ही घ्या' असं माणसासारखं बोलायला लागला.

सेलची गोष्ट मात्र मला जरा चटका लावून जाते. ७.० मध्ये 'एकाच प्रोग्रामात दोन वेगवेगळ्या आर्किटेक्चर' हाताळायची सोय आली, आणि त्या वेळी तिचा एकुलता एक लाभार्थी होता सोनी, तोशिबा आणि आयबीएमचा सेल प्रोसेसर. प्लेस्टेशन ३ मधला. एक पॉवरपीसी जातीचा मुख्य कोअर आणि भोवती वेगळ्याच इन्स्ट्रक्शन सेटचे आठ छोटे कोअर, प्रत्येकाची मेमरी वेगळी. (प्लेस्टेशनमध्ये आठातले सातच चालू ठेवलेले.) एकाच डीबगरमधून या दोन्ही जाती बघणं म्हणजे काय कटकट असेल याची कल्पना करा. पण त्या काळी सेल म्हणजे भविष्य होतं. २००८ मध्ये पेटाफ्लॉपची रेषा सगळ्यात आधी ओलांडणाऱ्या लॉस अलामॉसच्या रोडरनर सुपरकॉम्प्युटरमध्ये त्याचीच सुधारलेली आवृत्ती होती. २०१३ मध्ये रोडरनर बंद झाला. आणि २०२० मध्ये जीडीबी ९ च्या बातमीपत्रात एक कोरडी नोंद आली, की सेलचा सपोर्ट काढून टाकला आहे. कुणीतरी महिनोन् महिने घासून लिहिलेला कोड, अकरा वर्षांत गेला. रिलीज नोट्समधला 'नवे प्लॅटफॉर्म' हा भाग आपण सगळे वाचतो, 'काढलेले' सहसा कुणी वाचत नाही.

आता उलटी पावलं. आमच्याकडे आजी सांगायची, हडळ ओळखायची तर तिच्या पायांकडे बघ, पावलं उलटी असतात. ७.० च्या रिव्हर्स-स्टेप, रिव्हर्स-नेक्स्ट या कमांड पहिल्यांदा वापरल्या तेव्हा अगदी तशीच शिरशिरी आली होती. स्क्रीनवरचा बाण ४१२ वरून ४११ वर, मग ४१० वर. व्हेरिएबलच्या किमती पूर्ववत.

यामागची युक्ती जादूची नाही, हमालीची आहे. 'रेकॉर्ड' म्हटलं की जीडीबी प्रोग्रामला एकेक इन्स्ट्रक्शन करून चालवतो. प्रत्येक इन्स्ट्रक्शनच्या आधी तो बघतो की हिच्यामुळे कुठली रजिस्टर आणि मेमरीतली कुठली जागा बदलणार, आणि तिथली जुनी किंमत वहीत लिहून ठेवतो. मागे जायचं म्हणजे ती वही उलटीकडून वाचायची. साहजिकच प्रोग्राम गोगलगाय होतो. वहीची डिफॉल्ट मर्यादा २,००,००० इन्स्ट्रक्शनची, म्हणजे खऱ्या वेगानं चालणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीनं पापणी लवायच्या आतच संपणारी. शिवाय सॉकेटवरून जे पाठवलं ते गेलंच, ते काही वहीतून परत येत नाही.

तर ते साल २०१०, हिंजवडी. आमचा एक प्रोसेस तासभर चालून मधेच क्रॅश व्हायचा, कारण एका स्ट्रक्चरमधल्या फंक्शन पॉइंटरमध्ये कचरा यायचा. टीममध्ये एक नवीन मुलगा होता, कॉलेजातून नुकताच आलेला. त्यानं त्याच आठवड्यात त्याच स्ट्रक्चरमध्ये बदल केला होता. मी काय केलं? फार विचार केला नाही. मॅनेजरला मेल टाकला, अख्ख्या टीमला सीसी, की याच्या पॅचमुळे झालंय. त्याचं कन्फर्मेशन तीन महिने पुढे ढकललं गेलं.

तो काही बोलला नाही. ऑफिसच्या सर्व्हरवर मांधाता काळातला जीडीबी होता, म्हणून त्यानं ७.० चा सोर्स आणून स्वतःच्या होम डिरेक्टरीत कंपाइल केला. तासभराचं रेकॉर्डिंग शक्यच नव्हतं. मग त्यानं दोन दिवस लॉग वाचून शोधलं की क्रॅशच्या आधी एक ठरावीक मेसेज येतो. तिथे ब्रेकपॉइंट लावला आणि तिथूनच रेकॉर्ड सुरू केलं. क्रॅश झाला. त्यानं मला बोलावलं आणि माझ्यासमोर त्या पॉइंटरवर वॉच लावून रिव्हर्स-कंटिन्यू केलं. काळ मागे गेला. काही सेकंदांनी थांबला, तो एका फॉर लूपमध्ये. अट होती 'लहान किंवा समान'. हवं होतं नुसतं 'लहान'.

लूप माझा होता. दोन वर्षांपूर्वीचा. अ‍ॅरेच्या पलीकडे एक एंट्री जास्त लिहायचा, पण तिथे तेव्हा 'रिझर्व्ह्ड' नावाचं एक रिकामं फील्ड होतं, म्हणून दोन वर्षं कुणाला पत्ता नाही. या पोरानं ते निरुपयोगी फील्ड काढलं आणि पॉइंटर त्या जागी सरकला. इतकंच.

मी दुरुस्तीचा मेल लिहिला. तो मात्र फक्त त्याला पाठवला. सीसी रिकामा.

ती सोय पुढे फार कुणी वापरली असं दिसत नाही. २०११ मध्ये एव्हीएक्स इन्स्ट्रक्शनवाले प्रोसेसर आले, लायब्ररीतली साधी फंक्शन्सही त्या वापरू लागली, आणि रेकॉर्ड केलं की जीडीबी 'ही इन्स्ट्रक्शन मला येत नाही' म्हणून बरीच वर्षं बसकण मारायचा. मोझिलातून आलेल्या 'आरआर'नं वेगळा रस्ता धरला. प्रत्येक इन्स्ट्रक्शन नोंदवायचीच नाही, फक्त बाहेरून आलेलं तेवढं नोंदवायचं, म्हणजे सिस्टिम कॉलचे निकाल, सिग्नल, थ्रेड कधी बदलले ते, आणि मग तोच प्रयोग हुबेहूब पुन्हा करायचा. वेग कितीतरी चांगला. पण समोर बोलायला सहसा जीडीबीच असतो, आणि कमांडही त्याच, रिव्हर्स-कंटिन्यू.

तो मुलगा आता बर्लिनला असतो, मुलगा कसला, चाळिशीला आला असेल. रविवारी सकाळी ती फाइल त्याला पाठवली, म्हटलं बघ काय सापडलं. दुपारी उत्तर आलं. "फाइल माझीच आहे, तुम्ही त्या दिवशी कॉपी करून घेतली होती. नावही मीच ठेवलं होतं." आणि त्याखाली आणखी एक ओळ. "तुमच्या पहिल्या मेलला रिप्लाय ऑल करायचा मसुदा माझ्या ड्राफ्ट्समध्ये वर्षभर होता."