शिकायला आलेले डॉक्टर आणि शिकवणारं गाव
(वालूर, जि. परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



विषय ठरवताना संयोजकांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. दवाखान्याचा इतिहास तुम्ही कसा काय घेतला?" प्रश्न रास्त आहे. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं, पण त्या डॉक्टरला तापाची गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. आमच्या घरच्यांना याचं दुःख आजही आहे.

तरी विषय घेतला, कारण तो आता आपल्या दारात येऊन उभा आहे. परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शिवाय एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची आणि त्यांच्याकडे जात-येत राहायचं, असा नियम झाला आहे. म्हणजे आज ना उद्या पांढऱ्या कोटातली पोरं आपल्या जिल्ह्यातल्या पारांवर येऊन बसणार. ती आपल्याकडून शिकून जाणार. डॉक्टर कुठलाही असो, तो कुणाच्या तरी आजारपणावरच शिकतो. या शिकण्याचा हिशेब कसा मांडायचा? शिकणाऱ्यानं काय घेतलं, काय दिलं, आणि तो निघून गेल्यावर मागं काय उरलं? आज एवढंच बोलायचं आहे.

आधी घरची गोष्ट सांगतो. १९६६ साल असेल, मी सोळा वर्षांचा होतो. वडिलांना हिवताप लागोपाठ येऊन पानथरी वाढली होती. त्यांना एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नाव सांगत नाही, कारण तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं. सकाळी मोठे डॉक्टर आले, मागं विद्यार्थ्यांची रांग. वडिलांचा सदरा वर केला आणि एकेकानं येऊन पोट दाबून पाहिलं. मी मोजले, अकरा जण होते. सगळं बोलणं इंग्रजीत. नाव कुणी विचारलं नाही, दुखतंय का हेही विचारलं नाही. संध्याकाळी त्यांतलाच एक मुलगा एकटा परत आला. त्यानं वडिलांच्या अंगावर चादर नीट केली आणि म्हणाला, "काका, सकाळी त्रास झाला असेल. तुमची पानथरी वाढली आहे, म्हणून आम्ही पाहत होतो." वडील घरी आल्यावर पुष्कळ वर्षं त्या एका मुलाबद्दल बोलायचे. बाकीच्या दहांबद्दल कधी बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "तिथं मी माणूस नव्हतो रे, धडा होतो."

पुढे कांट शिकवताना मला ही खाट आठवायची. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे, असं कांट सांगतो. त्यानं 'नुसतं' हा शब्द घातलाय तो महत्त्वाचा. आपण एकमेकांच्या उपयोगी पडतोच. शिकाऊ डॉक्टरनं रोग्यावरून शिकूच नये असं म्हटलं तर उद्या डॉक्टरच उरणार नाही. नुसतं शिकून निघून जाणं, तिथं गडबड आहे.

आता इतिहासाकडे येऊ. थोडं दक्षिणेला जावं लागेल, तामिळनाडूत वेल्लोरला. आयडा स्कडर नावाची तरुण अमेरिकन मुलगी १८९०च्या दशकात आपल्या मिशनरी आईवडिलांकडे आली होती. इथं राहायचं तिच्या मनात नव्हतं. एका रात्री तीन पुरुष पाठोपाठ दारात आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. आयडाचे वडील डॉक्टर होते, पण पुरुषाला आत येऊ देणं रीतीत बसत नव्हतं. बाई डॉक्टर हवी होती आणि आयडा डॉक्टर नव्हती. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. ती अमेरिकेला गेली ती वैद्यक शिकायला. १८९९ साली कॉर्नेलमधून डॉक्टर झाली आणि १९०० साली वेल्लोरला परतली. एका खाटेपासून काम सुरू झालं. १९१८ साली तिनं मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली, १९४२ साली ती एमबीबीएसपर्यंत गेली आणि १९४७ साली मुलांनाही प्रवेश मिळाला. ख्रिश्चन मेडिकल कॉलेज म्हणतात ते हेच.

वेल्लोरचं वेगळेपण इमारतीत नाही. आयडाबाई आपल्या विद्यार्थिनींना गाडीत घालून खेड्यांच्या रस्त्यावर न्यायच्या. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या झाडाखाली दवाखाना लागायचा. रोगी कुठून येतो, काय खातो, कुठलं पाणी पितो, हे विद्यार्थिनी डोळ्यांनी बघायच्या. खाटेवर पडलेला माणूस आणि त्याच्या गावात उभा असलेला माणूस यांत किती अंतर असतं, हे त्या झाडाखाली कळायचं.

याच वेल्लोरमध्ये १९५०च्या दशकात आपल्या नगर जिल्ह्यातला एक मुलगा शिकायला गेला, रजनीकांत आरोळे. तिथंच मेबल इमॅन्युएल शिकत होत्या. दोघांचं लग्न झालं आणि खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं त्यांनी ठरवलं. १९६२ पासून काही वर्षं ते नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. गर्दी अफाट. पण त्यांच्या लक्षात आलं की बरा करून पाठवलेला रोगी काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येतोय. बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते. पाणी, अन्न, स्वच्छता, बाळंतपण, यांत ते अडकलेले. दवाखाना कितीही चांगला चालवला तरी नळ उघडाच राहणार आणि आपण फरशी पुसत बसणार.

मग दोघं अमेरिकेला गेले, पुढचं शिक्षण घेतलं, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली जामखेडला आले. दुष्काळी तालुका, तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा, पलीकडे लगेच आपला बीड. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केलं. लोकांना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? लोकांनी औषध मागितलं नाही. पाणी मागितलं, धान्य मागितलं. ते १९७२च्या दुष्काळाचे दिवस होते. आपल्यातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना सुकडीची चव अजून आठवत असेल.

बोअर घ्यायची ठरली तेव्हा आरोळ्यांनी ती दलित वस्तीत घेतली जाईल असं बघितलं. आता पाणी पाहिजे तर सगळ्या गावानं तिकडं जायचं. भाषण कुणी दिलं नाही. वालूरकरांना हे वेगळं सांगायला नको. आपली ती गोल फिरत खाली जाणारी बारव तुम्ही लोकांनीच गाळ उपसून पुन्हा मोकळी केली. पाण्यापाशी गाव एकत्र येतं आणि पाण्यापाशीच गावाची वाटणीही दिसते.

नंतर आरोळ्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावोगाव ठेवून पाहिल्या. जमलं नाही. परक्या गावात एकट्या तरुण मुलीला राहणं अवघड, आणि गावालाही ती बाहेरचीच वाटायची. तेव्हा एका सरपंचानं सुचवलं, आमच्याच गावातली बाई का शिकवत नाही? बघा, जगभर गाजलेली कल्पना खेड्यातल्या एका माणसाच्या तोंडून आली. मग गावानं निवडलेल्या बाया जामखेडला येऊ लागल्या. पुष्कळशा निरक्षर, पुष्कळशा दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला यायचं, मुक्काम करायचा, एकत्र जेवायचं, एका मोठ्या पांघरुणाखाली झोपायचं. गरोदर बाई कशी तपासायची, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळाचं वजन का घ्यायचं, हे शिकायचं. पुढे सत्तरच्या आसपास गावांत या बाया उभ्या राहिल्या आणि अर्भकं मरण्याचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांनी चालवलेल्या आरोग्यकामांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८ साली अल्मा-आटा इथं १३४ देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, त्यामागच्या विचारात जामखेडसारख्या कामांचा वाटा होता. १९७९ साली दोघांना मॅगसेसे मिळालं.

आता पाहुण्यांकडे येतो. काम गाजलं तसे देशोदेशीचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. डॉक्टर, नर्स, वैद्यकीय विद्यार्थी. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेतून, आपल्या देशातल्या इतर राज्यांतूनही. तिथं जाऊन आलेल्यांच्या बोलण्यात एक गोष्ट फिरून फिरून येते. दवाखाना बघायला गेलो आणि वर्ग गावात भरला! शिकवायला कोण? लुगडं नेसलेली, अंगठा उठवणारी किंवा जेमतेम सही शिकलेली बाई. सहा-सात वर्षं जाडजूड पुस्तकं वाचलेला विद्यार्थी तिच्यासमोर जमिनीवर बसतो. कुठल्या घरात कोण गरोदर आहे, कुणाचा नवरा पितो, कुठल्या लेकराचं वजन दोन महिने वाढलं नाही, हे तिला तोंडपाठ. याला आजाराचं लॅटिन नाव माहीत असतं, तिला तो आजार कुठल्या घरातून निघाला ते माहीत असतं. मुक्ताबाई पोळ ही त्यांच्यातलीच एक. तिनं परदेशातल्या एका परिषदेत डॉक्टरांना मोठ्या झुंबराची उपमा दिली आणि स्वतःसारख्या बायांना पणतीची. झुंबर महाग, थोड्यांनाच परवडतं. पणती मात्र दुसऱ्या पणतीला पेटवते.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत म्हणायचं तर इथं ज्ञाता कोण आणि ज्ञेय कोण, याची अदलाबदल झाली. माझे वडील खाटेवर ज्ञेय होते, तपासायची वस्तू. जामखेडला तीच वस्तू उठून बसली आणि बोलू लागली. पाहुण्या विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो याचाच. पुष्कळांना सुरुवातीला हात रिकामे वाटतात, 'मी इथं काही केलंच नाही' असं वाटतं. ते वाटणं हाच त्यांचा पहिला धडा.

कारण 'काहीतरी करायचंच' ही घाई घातक असते. श्रीमंत देशांतले विद्यार्थी गरीब देशांतल्या दवाखान्यांत चार-सहा आठवडे येतात. आपल्या देशात ज्याला हात लावू देणार नाहीत ते काम इथं करून बघण्याचा मोह होतो. हा प्रश्न इतका वाढला की २०१० साली तज्ज्ञांच्या एका गटानं त्यासाठी नीतिनियम प्रसिद्ध केले: आपल्या कुवतीबाहेरचं काम करू नये, यजमान दवाखान्यावर आपला भार किती पडतो ते मोजावं, दोन्ही बाजूंना लाभ व्हावा. पण परदेशी माणसालाच नावं ठेवू नका. पुण्या-मुंबईचा मुलगा वालूरला येतो तेव्हा तोही परदेशीच असतो.

आणि सरकारनं हुकूम काढला म्हणजे नातं जुळतं असंही नाही. १९४६ सालच्या भोर समितीनं सांगितलं होतं की डॉक्टरला समाजाचं वैद्यक शिकवा. १९७७ साली केंद्र सरकारनं प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं जोडायची योजना आणली. फिरत्या दवाखान्यांसाठी मोठाल्या गाड्या दिल्या. कित्येक ठिकाणी त्या खेड्याच्या रस्त्यावर मावेनात. योजना हळूहळू कागदावर गेली. उलट वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ साली सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथला विद्यार्थी आधी गांधीजींच्या आश्रमात राहतो, मग त्याची तुकडी एक गाव घेते, गावात शिबिर करते आणि पुढची वर्षं त्याच घरांकडे जात राहते. आज जो नियम देशभर आला तो तिथं कित्येक वर्षांपासून चालत आलेला आहे. फरक 'जात राहते' या दोन शब्दांत आहे. माणूस परत आला की तपासणी संपते आणि ओळख सुरू होते.

म्हणून परभणीची पोरं आपल्याकडे येतील तेव्हा काय करायचं? मला तीन गोष्टी सुचतात. एक, त्यांना आधी आपल्या आशाताईंकडे पाठवा. गावाचं दुखणं तिच्या वहीत आहे. दोन, आपल्या म्हाताऱ्या माणसांनी विचारायला शिकावं: "बाळा, तू काय बघतोस? मला मराठीत सांग." ज्याला ते सोप्या भाषेत सांगता येत नाही त्याला ते अजून कळलेलं नाही. तीन, जाताना त्यांना विचारा, पुन्हा कधी येणार? आणि ते येतात का, हे ग्रामसभेत नोंदवून ठेवा.

आपली बाजूही आहे. डॉक्टर दिसला की इंजेक्शन मागायचं, नुसतं बोलून गेला तर 'काही दिलं नाही' म्हणायचं, ही आपली खोड आहे. गावानं शिकवायचं ठरवलं तर गावालाही थोडं शहाणं व्हावं लागेल.

माझे वडील त्या आजारातून बरे झाले. औषध मोठ्या डॉक्टरांनी दिलं होतं, त्यांचं ऋण आहेच. पण वडिलांना नाव आठवायचं ते त्या मुलाचं. त्यानं ते सांगितलं होतं, म्हणून. परभणीहून येणाऱ्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे: पोटाला हात लावण्याआधी आपलं नाव सांगा आणि त्याचं विचारा. बाकीचं वैद्यक त्यानंतर शिकता येतं.