चाक कोणी फिरवायचं?

कोकराची अख्खी मांडी हा पदार्थ मुळातच एकट्यादुकट्याचा नव्हे. खिमा एकट्यानं खाता येतो. कलेजीची तर शेजाऱ्याला चाहूल लागू न देता विल्हेवाट लावता येते. पण दोन-अडीच किलोंची मांडी घरात आली, की तिच्यामागोमाग मामा, मावश्या आणि त्यांचे जावई असा सारा गोतावळा ओघानंच येतो. इंग्रजांनी तर त्याचा कुळाचारच करून टाकला. रविवारी मांडी अख्खी भाजायची आणि घरच्या कर्त्या पुरुषानं ती सर्वांदेखत कापायची. कापणाऱ्याचं कौतुक फार. भाजली कुणी, हे मात्र कोणी विचारीत नाही. मी विचारलं, आणि थेट इतिहासात जाऊन पडलो.

जुन्या काळी भाजणं म्हणजे बंद भट्टीत सारणं नव्हे. धगधगत्या जाळासमोर लोखंडी सळईत मांडी ओवायची आणि भाजून होईतो सळई फिरवीत राहायची. हात थांबला, की एक बाजू कोळसा आणि दुसरी बाजू कच्चं कोकरू! आठव्या हेन्रीच्या मुदपाकखान्यात हे काम पोरांकडे असे. १५२६ सालच्या राजवाड्याच्या नियमावलीत, मुदपाकखान्यातल्या पोरांनी नागडं किंवा गलिच्छ चिंध्यांत वावरू नये, असं कलम घालावं लागलं. कलम कपड्यांबद्दल होतं, धगीबद्दल नव्हे.

मग पोरांच्या जोडीला आले कुत्रे. थट्टा नाही करीत! जॉन कायस या इंग्रज वैद्याच्या कुत्र्यांवरच्या लॅटिन पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १५७६ साली निघालं, त्यात हा सळईफिरव्या कुत्रा हजर आहे. आखूड पाय, लांबट अंग. भिंतीवर उंचावर एक पोकळ चाक, त्यात हे महाशय. ते चालले की चाक फिरे आणि चाकाला जोडलेली सळई फिरे. दिवसभर चालायचं आणि पोचायचं कुठंच नाही. कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला याहून अधिक समजावून सांगायला नको.

रविवारी हेच कुत्रे मालकांच्या पायांना ऊब द्यायला चर्चमध्येही नेत. बाथ गावची एक गोष्ट सांगतात. बिशपसाहेब प्रवचनात बायबलातल्या एका चाकाचं वर्णन करू लागले. ‘चाक’ हा शब्द कानी पडताच सगळे कुत्रे शेपूट घालून दाराबाहेर! गोष्टीला तिखटमीठ लागलं असेल, पण कुत्र्यांची बाजू तिच्यात नेमकी आली आहे.

पुढे किल्ली देऊन चालणारी यंत्रं आली, धुराड्यातल्या गरम हवेवर फिरणारे पंखे आले. १८५० च्या सुमारास हे कुत्रे दुर्मिळ झाले आणि मग ती जातच संपली. व्हिस्की नावाचा एक तेवढा, पेंढा भरलेला, वेल्समधल्या ॲबरगॅव्हनीच्या संग्रहालयात उभा आहे. खाणाऱ्यांचे पुतळे चौकाचौकांत आहेत. फिरवणाऱ्यांपैकी एकाला निदान पेंढा तरी मिळाला!

ज्यांच्याकडे ना चाक ना कुत्रा, ते रविवारी आपलं मटण बेकरीच्या भट्टीत पाठवीत. फ्रान्समध्ये बटाट्याच्या कापांवर भाजलेल्या मांडीला आजही बेकरीवालीचंच नाव आहे. भाजणारीची आठवण खाणाऱ्यांनी ठेवल्याचं एवढं एकच उदाहरण मला सापडलं.

आता ओव्हन आले. मांडीला आलं-लसूण-दही चोळा, रात्रभर मुरवा, आत सारा आणि विसरून जा, असं ओव्हन विकणारा सांगतो. त्याच्याकडे पंचवीस माणसं एकदम जेवायला येत नसावीत. गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे आली. दादानं सुरी परजून मांडी कापली, टाळ्या घेतल्या. मीही ही सगळी हकीकत पंगतीत रंगवून सांगितली. कुत्रे चर्चमधून पळाले, तेव्हा मामांना ठसका लागला.

वहिनी सकाळी सहापासून ओव्हन आणि पोळपाट यांच्यामध्ये फिरत होत्या. आता त्या गरम पोळ्या घेऊन दारात उभ्या होत्या.

“भावजी,” त्यांनी विचारलं, “त्या कुत्र्याला त्या मांडीतलं काही मिळायचं का हो?”

मी मधल्या थाळ्याकडे पाहिलं. हाड उरलं होतं.