बीटी कापूस : फायदा झाला, पण कुणाचा?

वेल्हे-भोरच्या डोंगरात कापूस होत नाही. आपल्याकडे भात, नाचणी, वरी. त्यामुळे बीटीचा वाद इथल्या कार्यकर्त्यांना विदर्भापुरता वाटतो. पण बियाणे कुणाच्या हातात असावे, हा प्रश्न भाताच्या खाचरालाही लागू आहे. म्हणून हा इतिहास आपण वाचला पाहिजे.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. जनुक मोन्सँटोचे. बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार होणार, फवारणी वाचणार, असा दावा होता. ४५० ग्रॅमची पिशवी तेव्हा सोळाशे रुपयांच्या पुढे होती. २००६ मध्ये आंध्र सरकार एकाधिकारविरोधी आयोगाकडे गेले आणि किंमत ७५० पर्यंत खाली आली. निम्म्याहून कमी किमतीतही धंदा चालूच राहिला! म्हणजे आधी शेतकऱ्याकडून किती उकळले, याचा अंदाज करा.

दावा खोटा होता का? सुरुवातीला नव्हता. काथागे आणि क्वाइम या अभ्यासकांनी २००२ ते २००८ या काळातील शेतकऱ्यांची पाहणी करून एकरी उत्पादन २४ टक्के आणि नफा ५० टक्के वाढल्याचे मांडले. बीटीमुळेच आत्महत्या झाल्या, असे आपल्या भाषणांत सर्रास सांगितले जाते. तेही टिकत नाही. विदर्भात आत्महत्या बीटीच्या आधीपासून होत होत्या. विरोध करायचा तर खऱ्या मुद्द्यावर करावा.

खरा मुद्दा २००८ नंतरचा आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० साली जवळपास वीस वर्षांचा हिशेब मांडला. उत्पादनवाढीचे जे श्रेय बीटीला दिले गेले, त्यातील बराच वाटा खतांसारख्या इतर कारणांचा होता. गुलाबी बोंडअळी बीटीला पचवू लागली. कीटकनाशकांवरचा खर्च तर बीटीच्या आधीपेक्षाही वाढला.

असे का झाले? इतर बहुतेक देशांनी बीटी सरळ वाणांत आणले. भारतात ते जवळपास फक्त संकरित वाणांत आले. संकरिताचे बी घरी राखून पेरले तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून दरवर्षी दुकानाची पायरी चढायची आणि त्यासाठी कर्ज काढायचे. शिवाय ही झाडे लांब मुदतीची. विदर्भातील कापूस बहुतांशी कोरडवाहू, त्यामुळे बोंडे भरताना जमिनीतील ओल संपलेली असते. गुलाबी अळीला मात्र लांबलेला हंगाम सोयीचा.

बाबासाहेबांनी १९१८ सालच्या शेतजमिनीवरील निबंधात सांगितले होते की, नुसत्या एकरांवरून शेती किफायतशीर ठरत नाही. जमिनीला भांडवल आणि साधनांची योग्य जोड लागते. बियाण्याचेही तेच. विहीर आणि पैसा असलेल्याला बीटीने पैसा दिला, कोरडवाहूवाल्याच्या गळ्यात जुगार घातला.

आणि ज्याला जमीनच नाही, तो? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत, तोंडाला फारतर रुमाल बांधून पाठीवर पंप घेणारा माणूस अनेकदा भूमिहीन असतो. एकरी नफ्याच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह ज्यांच्यासाठी उभारला, तीच ही माणसे.

आता तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटीची मागणी आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने बंदी झुगारून ते बियाणे जाहीरपणे पेरले. निंदणाचा खर्च वाचतो, हा त्यांचा युक्तिवाद. निंदणाचा खर्च म्हणजे गावकुसाबाहेरच्या बायांची पावसाळ्यातील मजुरी. ती हिशेबाच्या कोणत्या बाजूला धरायची, हे मान्यता मागणाऱ्यांनी आधी सांगावे.