किहीमची सुगरण

पाटणकर बाजाराच्या परिसरात वाढलेल्या आपल्या पिढ्यांना समुद्र भेटला तो बहुधा कुलदैवताच्या यात्रेपुरताच. तरीही अलिबागजवळील किहीमचा किनारा ग्वाल्हेरकरांनी लक्षात ठेवावा, असा आहे.

1930 साली सालिम अली बर्लिनहून पक्षिशास्त्राचे धडे घेऊन परतले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. किहीमच्या किनारी, मागील गर्द झाडीच्या सान्निध्यात राहून त्यांनी पावसाळ्यात सुगरणीची घरटी न्याहाळली. आपल्या भाषेने या पक्ष्याला गृहिणीचे नाव दिले. परंतु घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले की मादी येऊन पारखते आणि पसंत पडले तरच संसार मांडते. मग नर ते पुरे करून दुसरे विणावयास घेतो. हा अभ्यास 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढे त्याच दशकाच्या अखेरीस त्यांनी ग्वाल्हेरसह मध्य भारतातील संस्थानांचे पक्षी-सर्वेक्षण केले. त्यानंतरचा इतिहास क्लेशकारक आहे. माळढोकासाठी, म्हणजे इकडच्या सोनचिरैयासाठी, शिवपुरी जिल्ह्यात 1981 मध्ये करेरा अभयारण्य स्थापन झाले. पण 1990 च्या दशकात तो पक्षीच तेथून नाहीसा झाला. मागे उरल्या त्या केवळ नोंदी.

सुगरण मात्र अद्याप आपल्याकडे आहे. तिची घरटी कोणत्या झाडावर, किती आणि कोणत्या महिन्यात दिसली, एवढे जरी आपण वहीत टिपून ठेवले, तरी पुढील पिढीच्या हाती पुरावा राहील.